मनोरुग्णालयाचे दार उघडल्यावर

एखाद्याने विक्षिप्त बोलणे केले की मुंबईकडची माणसे हसत म्हणतात, ‘याला ठाण्याला पाठवायला हवे.’ पुण्याकडे हाच आहेर येरवड्याच्या नावाने दिला जातो. दोन्ही गावांत शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, तशीच ती नागपूर आणि रत्नागिरी येथेही आहेत. चेष्टेतल्या या वाक्यात एक जुनी समजूत दडलेली आहे. ती अशी की, मनाचा तोल गेलेल्या माणसाची जागा गावाबाहेर उंच भिंतीच्या आत असते, आणि तो आत असला की बाहेरचे आपण सुरक्षित असतो.

ही भिंतच काढून टाकली तर काय होईल? प्रश्न काल्पनिक नाही. गेल्या सत्तर वर्षांत काही देशांनी आपली मनोरुग्णालये खरोखर रिकामी केली. काही ठिकाणी इमारतींना कुलपे लागली, काही ठिकाणी त्यांची उद्याने झाली. त्यातून बाहेर पडलेली माणसे कोठे गेली, शेजारपाजाऱ्यांचे काय झाले, गुन्हे वाढले की नाही, याचा भलाबुरा अनुभव आता जगापाशी आहे. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला समाजात राहण्याचा हक्क दिला आहे. त्यामुळे तो अनुभव समजून घेणे हे केवळ तज्ज्ञांचे काम राहिलेले नाही. ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांना, आणि ज्यांच्या शेजारी आहे त्यांनाही, त्याची गरज आहे.

सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. १९५५ साली तेथील सरकारी मनोरुग्णालयांत सुमारे साडेपाच लाख माणसे राहत होती. ‘राहत होती’ हाच शब्द योग्य, कारण अनेक जण तेथे विशीत दाखल होत आणि म्हातारे होऊन तेथेच मरत. एकेका रुग्णालयात हजारो रुग्ण असत आणि डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. १९४६ साली ‘लाइफ’ या साप्ताहिकाने तेथील छायाचित्रे छापली, तेव्हा उघडी, हाडांचे सापळे झालेली माणसे पाहून अमेरिकन वाचक हादरला. नुकतेच महायुद्ध संपले होते आणि छळछावण्यांची चित्रे लोकांच्या डोळ्यांसमोर ताजी होती. तुलना सांगण्याची गरजच नव्हती.

त्यानंतर औषध आले. फ्रान्समध्ये १९५२ साली डिले आणि डेनिकर या मनोविकारतज्ज्ञांनी क्लोरप्रोमाझिनचा वापर केला आणि १९५४ मध्ये ते अमेरिकेत उपलब्ध झाले. त्याच सुमारास आणखी एक औषध पुढे आले आणि त्याचा धागा थेट मुंबईशी जुळतो. आपल्या आयुर्वेदाला परिचित असलेल्या सर्पगंधेवर मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या संदर्भात काम केले आणि १९४९ साली ते ब्रिटनमधील हृदयविकारविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले. पुढे याच वनस्पतीतील रेसर्पिन हे द्रव्य न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड रुग्णालयात नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांना देऊन पाहिले. १९५७ चे लास्कर पारितोषिक वकील आणि क्लाइन या दोघांनाही मिळाले. रेसर्पिन पुढे मागे पडले, कारण त्याने काहींना नैराश्य येते असे दिसले. परंतु वर्षानुवर्षे साखळीत असलेला माणूस गोळीने शांत होऊ शकतो आणि घरी जाऊ शकतो, ही आशा त्या दशकाने दिली.

या आशेला राजकीय बळ दिले राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी. त्यांची बहीण रोझमेरी हिच्या मेंदूवर १९४१ साली लोबोटॉमीची शस्त्रक्रिया झाली होती आणि त्यानंतर ती आयुष्यभर परावलंबी राहिली. घरातील दुःख राज्यकर्त्याच्या निर्णयात किती उतरते हे कोणी सांगावे, पण ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी केनेडी यांनी सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांच्या कायद्यावर सही केली. कल्पना सुंदर होती. मोठी रुग्णालये हळूहळू आटतील, आणि प्रत्येक वस्तीजवळ एक केंद्र असेल. तेथे बाह्यरुग्ण विभाग, थोड्या खाटा, दिवसाचे उपचार आणि अडीअडचणीला चोवीस तास मदत मिळेल. तीन आठवड्यांनी केनेडींची हत्या झाली.

रुग्णालये मात्र वेगाने रिकामी झाली. १९८० पर्यंत तेथील रुग्णसंख्या दीड लाखाच्या खाली आली आणि आज सरकारी खाटा चाळीस हजारांहूनही कमी आहेत. दरम्यान देशाची लोकसंख्या दुप्पट झाली. दीड हजार केंद्रे उभारण्याची योजना होती, त्यांपैकी निम्म्याच्या आसपासच उभी राहिली. जी उभी राहिली त्यांना केंद्र सरकारचे पैसे ठरावीक वर्षेच मिळणार होते. शिवाय अनेक केंद्रांकडे येणारा रुग्ण स्किझोफ्रेनियाचा नसे. संसारातील तणाव, चिंता, दारू अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांनी ती भरून गेली. त्यांनाही मदत हवीच होती, पण ज्यांच्यासाठी भिंती पाडल्या त्यांचा नंबर मागे पडला.

येथे पैशाचा एक बारकावा सांगायला हवा, कारण त्याने औषधापेक्षाही अधिक काम केले. १९६५ मध्ये गरिबांसाठी ‘मेडिकेड’ ही योजना आली. मनोरुग्णालयात असलेल्या एकवीस ते चौसष्ट वयाच्या रुग्णाचा खर्च केंद्र सरकार देणार नाही, असे तिच्यात ठरले. तोच रुग्ण शुश्रूषागृहात हलवला तर मात्र खर्चाचा मोठा वाटा केंद्राकडून येई. राज्यांनी हिशेब केला आणि माणसे हलवली. रुग्णालये रिकामी होण्याचा वेग वाढला तो यानंतर. मानवमुक्तीची भाषा व्यासपीठावर होती आणि बेरीज-वजाबाकी कचेरीत चालली होती. १९८० साली कार्टर यांच्या कारकिर्दीत ही घडी बसवण्यासाठी एक नवा कायदा झाला, तो पुढच्याच वर्षी रेगन यांच्या काळात जवळजवळ रद्द झाला आणि निधीही कापला गेला.

मग माणसे गेली कोठे? काही घरी गेली आणि चांगली राहिली. त्यांची बातमी कधी झाली नाही. काही शुश्रूषागृहांत आणि स्वस्त लॉजमध्ये गेली. काही पदपथांवर आली. आणि काही तुरुंगात पोहोचली. कॅलिफोर्नियाने १९६७ मध्ये सक्तीच्या दाखल्यावर कडक मर्यादा घातल्या. तेथील सॅन मॅटिओ जिल्ह्यातील मनोविकारतज्ज्ञ मार्क एब्रॅमसन यांनी १९७२ मध्येच लिहून ठेवले की, ज्या वर्तनासाठी पूर्वी माणूस रुग्णालयात जाई त्याच वर्तनासाठी आता तो पोलीस कोठडीत जातो आहे. दुकानासमोर झोपणे, रस्त्यात ओरडणे, किरकोळ चोरी, पैसे न देता जेवणे, असेच हे गुन्हे होते.

मोठ्या वसाहतींची ही अदलाबदल पूर्वीच कोणाच्या तरी लक्षात आली होती. ब्रिटिश संशोधक लायनेल पेनरोझ यांनी १९३९ साली अठरा युरोपीय देशांची आकडेवारी मांडून दाखवले की, जेथे मनोरुग्णालयाच्या खाटा अधिक तेथे कैदी कमी, आणि जेथे खाटा कमी तेथे कैदी अधिक. यावर आजही वाद आहे आणि तो असावाही. अमेरिकेतील तुरुंग फुगले त्याला अमली पदार्थविरोधी कायदे आणि लांबलचक शिक्षा ही मोठी कारणे होती. सगळा दोष रुग्णालये बंद करण्यावर टाकणे सोपे, पण चुकीचे. तरीही शिकागोच्या कुक काउंटी तुरुंगात मनोरुग्ण कैद्यांची संख्या इतकी वाढली की २०१५ मध्ये त्या तुरुंगाची सूत्रे एका मानसशास्त्रज्ञ महिलेकडे देण्यात आली. ठाणे आणि येरवडा या दोन्ही ठिकाणी मनोरुग्णालय आणि मध्यवर्ती कारागृह एकाच गावात आहेत, हे वाचताना सहज मनात आले. तो निव्वळ योगायोग असेल.

आता आपल्या सर्वांच्या मनात जो खरा प्रश्न आहे त्याकडे येऊ. अशी माणसे बाहेर आली की खून, मारामाऱ्या वाढतात का?

३ जानेवारी १९९९ रोजी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या फलाटावर एका तरुणीला अनोळखी माणसाने गाडीखाली ढकलले. तिचा मृत्यू झाला. तो स्किझोफ्रेनियाचा रुग्ण होता आणि औषधे घेत नव्हता. शहर भयभीत झाले, आणि त्याच वर्षी राज्याने ‘केंड्राज लॉ’ हा कायदा केला. न्यायालय ठरावीक रुग्णांना बाहेर राहून उपचार घेण्याची सक्ती करू शकते. भीती खोटी नव्हती. परंतु त्या बातमीच्या मागे आणखी एक गोष्ट होती, ती फार कमी लोकांनी वाचली. हा माणूस रुग्णालयांच्या दारांशी पुन्हा पुन्हा गेला होता. त्याने मदत मागितली होती. प्रत्येक वेळी थोडे दिवस ठेवून त्याला बाहेर सोडले जाई, आणि देखरेखीच्या निवासाची सोय त्याला मिळाली नव्हती.

एका घटनेवरून नियम काढू नये, म्हणून आकड्यांकडे पाहू. अमेरिकेतील मॅकआर्थर अभ्यासात मनोरुग्णालयातून घरी सोडलेल्या एक हजाराहून अधिक रुग्णांचा मागोवा घेतला गेला. १९९८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना दारू वा अमली पदार्थांचे व्यसन नव्हते, त्यांच्यातील हिंसेचे प्रमाण त्याच वस्तीतील निर्व्यसनी शेजाऱ्यांइतकेच होते. व्यसन जोडले गेले की ते वाढत होते, आणि व्यसनाने ते शेजाऱ्यांतही वाढतच होते. इंग्लंड आणि वेल्समध्ये टेलर आणि गन यांनी १९५७ ते १९९५ या अडतीस वर्षांतील मनुष्यवधांची नोंद तपासली. रुग्णालये रिकामी होण्याचा काळ तो हाच. मनोरुग्णांच्या हातून झालेल्या हत्यांची संख्या फारशी हलली नव्हती. एकूण हत्यांतील त्यांचा वाटा तर दरवर्षी सुमारे तीन टक्क्यांनी घटत गेला होता. आणि शिकागोत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, तीव्र मानसिक आजार असलेली माणसे हिंसक गुन्ह्यांचे बळी ठरण्याचे प्रमाण सर्वसामान्यांपेक्षा अकरा पटींहून अधिक होते. ज्याला आपण घाबरतो तो रस्त्यावर आपल्याहून कितीतरी अधिक असुरक्षित असतो.

तरी धोका मुळीच नाही असे सांगून वाचकांना फसवू नये. तो असतो, आणि कोठे असतो ते ठाऊक आहे. आजार पहिल्यांदा उफाळून आलेला असतो आणि उपचार अजून सुरू झालेले नसतात, तो काळ जोखमीचा. औषध परस्पर बंद झालेले, त्यात दारू वा गांजा, आणि ‘हे लोक मला मारणार आहेत’ असा ठाम संशय, ही जोडी जोखमीची. असा प्रसंग ओढवला तर बहुतेक वेळा इजा अनोळखी माणसाला होत नाही, ती आईला होते, भावाला होते, पत्नीला होते. आणि सर्वांत मोठा धोका स्वतः रुग्णाला असतो. रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे आत्महत्येच्या दृष्टीने सर्वांत नाजूक असतात, हे अनेक देशांत दिसून आले आहे. दार उघडण्याच्या दिवसापेक्षा त्यानंतरच्या महिन्यात कोण सोबत आहे, यावर सगळे अवलंबून असते.

हे ज्यांना उमगले होते अशा एका गावाची गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय अर्धाच राहील. इटलीच्या ईशान्येला समुद्रकाठी त्रिएस्ते हे बंदर आहे. १९७१ मध्ये तेथील सान जोव्हानी मनोरुग्णालयाचे प्रमुख म्हणून फ्रांको बसालिया आले, तेव्हा आत सुमारे बाराशे रुग्ण होते. बसालिया त्याआधी गोरित्सिया येथे होते. तेथे १९६८ मध्ये एक दिवसाच्या रजेवर घरी गेलेल्या रुग्णाने पत्नीचा खून केला आणि बसालियांवर खटला भरला गेला. ते निर्दोष सुटले. एवढा प्रसंग अंगावर आल्यानंतर दुसरा कोणी दारे घट्ट लावून बसला असता.

त्यांनी त्रिएस्तेत आधी रुग्णांना पगारी कामे दिली, त्यांच्या सहकारी संस्था काढल्या, वॉर्ड उघडे केले. १९७३ मध्ये रुग्णांनी आणि कलावंतांनी मिळून कागदाच्या लगद्याचा एक भला मोठा निळा घोडा बनवला. रुग्णालयातील धुण्याची गाडी ओढणाऱ्या खऱ्याखुऱ्या घोड्याच्या नावावरून त्याचे नाव ठेवले मार्को काव्हालो. तो मिरवत गावात न्यायचा ठरले तेव्हा लक्षात आले की, तो दारातून मावत नाही. शेवटी दाराची चौकट तोडून त्याला बाहेर काढले. १३ मे १९७८ रोजी इटलीच्या संसदेने नवी मनोरुग्णालये बांधण्यास आणि जुन्यांत नवे रुग्ण घेण्यास बंदी करणारा कायदा क्रमांक १८० संमत केला. बसालिया १९८० मध्ये वारले.

त्रिएस्तेचे यश घोड्यात नव्हते, हे मात्र ध्यानी घ्यावे. ते कंटाळवाण्या वाटणाऱ्या व्यवस्थेत होते. गावाचे भाग पाडून प्रत्येक भागाला चोवीस तास उघडे असणारे एक केंद्र दिले गेले. त्यात मोजक्या खाटा, ओळखीच्या परिचारिका, घरी जाऊन चौकशी करणारे कर्मचारी. सर्वसाधारण रुग्णालयात लहानसा मानसोपचार विभाग. राहायला छोट्या सदनिका, करायला काम. रुग्णालयाचा पैसा आणि नोकरवर्ग दोन्ही त्या केंद्रांकडे वळवले गेले. अमेरिकेत पैसा वाचवला गेला, त्रिएस्तेत तो हलवला गेला. इटलीतही सर्वत्र असे झाले नाही. कित्येक प्रांतांत केंद्रे वेळेवर उभी राहिली नाहीत, भार कुटुंबांवर, विशेषतः आयांवर पडला, आणि शेवटची जुनी रुग्णालये रिकामी व्हायला नव्वदचे दशक संपत आले. एकच कायदा, एकच देश, आणि दोन गावांत दोन निकाल.

आपल्याकडे प्रश्न उलट्या बाजूने उभा आहे. आपल्या देशात लोकसंख्येच्या मानाने मनोरुग्णालयांच्या खाटा कधीच पुरेशा नव्हत्या. बंद करण्याएवढेही आपण उघडले नव्हते. आपले मनोरुग्ण पूर्वीपासून घरीच आहेत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले की, विविध मानसिक आजार असलेल्यांपैकी सत्तर ते ब्याण्णव टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नाहीत. उपचार नाहीत आणि घरच्यांची ताकद संपली की काय होते, ते ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एर्वाडी येथे दिसले. दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयगृहात पहाटे आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. अठ्ठावीस जण गेले.

२०१७ च्या कायद्याने साखळदंडास बंदी केली. घर नाही, घरचे नेत नाहीत किंवा समाजात सोय नाही, एवढ्याच कारणाने कोणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही, असेही त्यात म्हटले आहे. फार उदात्त कलम; पण ती सोय उभी करण्याचे काम शासनाचे. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र शासनाला सुनावले ते याच मुद्द्यावर. बऱ्या झालेल्या रुग्णांना मनोरुग्णालयातून भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवले जात होते. ते तत्काळ थांबवा, असा न्यायालयाचा आदेश होता. सॅक्रामेंटो असो वा मुंबई, कागदावरची खाट रिकामी करण्याचा मोह सगळीकडे सारखाच.

दुसरीकडे, रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उचलून कर्जतला नेणारे, बरे करून थेट दूरच्या राज्यातील त्यांच्या घरी पोहोचवणारे डॉ. भरत वाटवानी आणि त्यांची श्रद्धा पुनर्वसन संस्था महाराष्ट्रातच आहे. २०१८ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वर्षानुवर्षे बेपत्ता असलेला माणूस दारात उभा राहतो तेव्हा बहुतेक घरे त्याला आत घेतात, हे त्यांच्या कामातून दिसते.

आपल्या घरातील रुग्ण रुग्णालयातून परत येणार असेल, तर निघण्याआधी डॉक्टरांना काही गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्यात. पुढची तपासणी किती दिवसांत, आणि कोठे? पहिली भेट एक-दोन आठवड्यांतच असावी. औषध रोज घेणे जमत नसेल तर महिन्यातून एकदा द्यायचे इंजेक्शन चालेल का? आजार उलटताना या माणसात पहिली खूण कोणती दिसते? कोणाची झोप उडते, कोणी जेवण टाळतो, कोणी खिडक्या लावून घेतो. ही खूण घरातल्या सर्वांना माहीत असावी. रुग्ण बरा असतानाच त्याच्या संमतीने त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी कोण, हे लेखी ठरवून ठेवता येते. उपचार कसे हवेत, कसे नकोत याचे पूर्वनिर्देशही कायद्याने लिहून ठेवता येतात. शेजारच्या एका विश्वासू घराला कल्पना दिलेली बरी, लपवण्याची शिकस्त माणसाला अधिक थकवते.

रस्त्यावर भ्रमिष्ट अवस्थेत कोणी दिसले तर पोलिसांना कळवावे. अशा व्यक्तीला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत तपासणीसाठी नेणे हे त्यांचे कायदेशीर कर्तव्य आहे. तिला कोठडीत ठेवता येत नाही. आणि रात्री-अपरात्री घरात प्रसंग उभा राहिला, कोणाला विचारावे ते सुचेना, तर केंद्र शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते.